तूप लावलेल्या दोन ताटल्या

दोन हजार चोवीस साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी फुफ्फुसं पंचविशीतली होती. असं मीच सगळ्यांना सांगायचो, आणि छाती ठोकून सांगायचो. नुसतं बोलण्यापुरतं नाही, खरोखर ठोकायचो. आवाज ढोलासारखा यायचा.

सगळी उमर ट्रकवर गेली माझी. नामपूरचा, देवळ्याचा कांदा भरायचा आणि आग्रा रोड धरायचा. कसाऱ्याच्या घाटात पुढं गाड्यांची रांग, मागं गाड्यांची रांग, आणि सगळ्यांचा धूर माझ्या केबिनमध्ये. खिशात गुळाचा खडा असायचा. घाट उतरला की खडा तोंडात टाकायचा, धूळ-धूर सगळा गुळाबरोबर खाली. मला काय झालं? काही नाही! शाळा तिसरीपर्यंत, अजून लिहिताना जोडाक्षर आलं की पेन अडखळतं, पण धूर मला वाचता यायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे पाणी शिरलंय. आणि धूर दिसतच नसेल तर इंजिन निरोगी. इंजिन निरोगी म्हणजे हवा निरोगी. यात शंका घ्यायला मला कधी जागाच दिसली नव्हती.

गाडी सुटली, म्हातारपण आलं, आणि मला वाटलं संपलं आता. पण नाही! सून सातपूरच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. आमचं घर म्हसरूळच्या वरच्या अंगाला. पोराची ड्यूटी सिन्नरला, कंपनीची बस त्याला पहाटेच उचलते. मग सुनेला सोडणार कोण? मी म्हटलं, मी काय मेलोय का? जुनी स्कूटर बाहेर काढली, पुसली, आणि सुनेला मागं बसवून नेणारा गावातला पहिला सासरा झालो. सुरुवातीला लोक हसले. हसू दे. सकाळी दिंडोरी रोडला लागलो की मी पुन्हा ड्रायव्हर! दिंडोरी नाका, निमाणी, पंचवटी कारंजा, अशोकस्तंभ, सीबीएस, त्र्यंबक नाका, आणि मग सुसाट सातपूर. सूनही अशी तयार झाली की काय सांगू. मागं बसून क्लीनरसारखी हाका मारायची, "आबा, डावीकडून बस येतेय, दाबा दाबा! येऊ द्या, येऊ द्या!" माझ्या आख्ख्या जिंदगीत असा क्लीनर मिळाला नव्हता.

दिवाळीनंतर तिला खोकला लागला. साधा, कोरडा. कंपनीच्या फाटकाशी उतरली की खाकरायची, रुमाल तोंडाला लावायची आणि आत जायची. थंडी वाढली तसा खोकला वाढला. रात्री भिंतीपलीकडून ऐकू यायला लागला. जानेवारीत ती आणि पोरगा डॉक्टरकडे जाऊन आले. आले ते तोंड पाडूनच.

"काय म्हणाला डागदर?" मी विचारलं.

पोरगा बुटाची नाडी सोडत म्हणाला, "रोजच्या जाण्यायेण्याचं आहे म्हणे. गाड्यांचा धूर. थंडीत तो वर जात नाही, खालीच बसतो. हिची छाती नाजूक झालीय. त्या गर्दीतून जाणं बंद करा म्हणाले."

"गर्दीतून नाय जायचं तर उडत जायचं का?"

पोरानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "आबा, कंपनीच्या मागं एक खोली पाहिलीय. चालत जाता येईल हिला. रविवारी हो-नाही सांगायचंय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आमचं घर म्हणजे मी, आमची मंडळी, पोरगा आणि सून. त्यातली दोन माणसं गेली की उरलं काय? दोन म्हातारी आणि एक टीव्ही. मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातली पोळी लाटण्याला गुंडाळली गेली ते मी पाहिलं.

मी उसळलोच. "खोकला रस्त्याचा नाय! ते हिचं तोंडाला बांधायचं फडकं हाय ना, त्याचा हाय. माणसाला हवा नको? डाकूसारखं तोंड बांधून बसती मागं. मी तोच रस्ता, तीच हवा खातो रोज, उघड्या तोंडानं. मला हाय का खोकला?"

सून शांत होती. ती चिडली की शांत होते. "आबा, तुम्ही दगड आहात. मी माणूस आहे."

"मग?"

"आणि एक सांगू? त्या दिवशी नाक्यावर मोर्चा होता म्हणून तुम्ही मला मखमलाबादच्या मळ्यातनं नेलंत. पाटाच्या कडेनं. त्या दिवशी मी खोकले नाही."

आता हा मळ्यातला रस्ता म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. पाटाच्या कडेकडेनं जातो, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, डांबर नावाला, खड्डे खरे. चांदशीचा पूल ओलांडून गंगापूर रोडला निघायचं आणि मग सातपूर. वेळ जास्त जातो आणि धूळ म्हणशील तर भुवया पांढऱ्या होतात. ज्यानं आग्रा रोड मारला त्यानं बैलगाडीच्या वाटेनं लपतछपत जायचं? आपल्याला जमणार नाही. मी म्हटलं, "त्या रस्त्याला तर निव्वळ माती हाय! तिथं खोकली नाय म्हणती? मग धुराचा संबंधच काय?"

"तेच तर मला कळत नाही," सून म्हणाली.

"मग बघूनच घेऊ!" मी म्हटलं. बोलून गेलो, पण कसं बघायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रात्री पडल्या पडल्या सुचलं. आमचा पोरगा लहान असताना मंडळी घरीच काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा लावायचा, वर ताटली धरायची, ताटलीला तुपाचं बोट फिरवलेलं असायचं. ज्योतीचा धूर डोळ्याला दिसायचा नाही, पण थोड्या वेळानं ताटली उलटी केली की काळंकुट्ट काजळ! दिव्याचा धूर ताटलीत धरता येतो, तर रस्त्याचा का येऊ नये? असेल तर दिसेल. नसेल तर पोराचं तोंड बंद. मी अंथरुणात उठून बसलो. अंगावर काटा आला होता!

सकाळी मंडळीकडं दोन ताटल्या आणि तूप मागितलं.

"ताटल्या देते," ती म्हणाली, "तूप नाय. तेल घ्या."

"तेल वघळून जाईल. थंडीत तूप गोठतं, धरून ठेवतं. तुला माहीत नाय का? तूच तर काजळ धरायची."

"ते लेकराच्या डोळ्यासाठी होतं. तुमच्या हट्टासाठी घरचं तूप?" पण दिलं. बडबडत दिलं आणि बोटानं स्वतःच सारवलं. दोन्ही ताटल्यांना सारखं, काठापर्यंत. तिलाही मनातून उत्सुकता होतीच.

सुनेनं नियम घातले. जाताना शहरातनं जायचं, तेव्हा एक ताटली हँडलपुढं बांधायची. येताना मळ्यातनं यायचं, तेव्हा दुसरी. ज्या ताटलीची पाळी नाही ती डब्यात झाकून डिकीत. शनिवारी संध्याकाळी उघडायच्या. "आणि आबा, मधेच बोट लावून बघायचं नाही." मी म्हटलं, "मी काय चोर हाय का?" ती म्हणाली, "चोर नाही, उतावळे आहात."

खरं होतं ते.

पहिल्याच सकाळी दिंडोरी नाक्याला सिग्नल लागला आणि माझ्या गाडीभोवती जत्रा! मार्केटातनं भाजी भरून निघालेले टेंपो, शहर बस, रिक्षा, स्कूटरवाले, सगळे त्या लाल दिव्याखाली एकमेकांना चिकटून उभे. आणि माझ्या हँडलवर चकचकीत ताटली.

एक रिक्षावाला रोजचा ओळखीचा. मला उस्ताद म्हणायचा, कारण जुन्या ड्रायव्हरांना तसंच म्हणतात. त्यानं मान बाहेर काढली. "उस्ताद, नैवेद्य कुठं चालला?"

"नैवेद्य नाय. धूर धरतोय."

"धूर?" तो हसायला लागला. "अहो, धूर कशाला धरायचा? तो आपल्याला धरून बसलाय. आमचं तर रेशन हाय ते. रोजचं ठरलेलं. एखाद्या दिवशी कमी पडलं तर चुकल्यासारखं वाटतं!"

"मग खोकतो का तू?"

"खोकतो ना. पण ते तंबाखूचं."

पलीकडं एक बँकेतला माणूस होता. टापटीप, तोंडाचा मास्क हनुवटीखाली ओढलेला. तो म्हणाला, "काका, मी एकच नियम पाळतो. ट्रकच्या मागं थांबायचं नाही. बाजूला थांबायचं. बाजूला काही लागत नाही."

"मग तो मास्क कशाला?"

"तो ऑफिसात घालतो. तिथं एसीची थंडी सोसत नाही."

पुढं दोन कॉलेजच्या पोरी, डोळे सोडून सगळं बांधलेलं. मी म्हटलं, चला, या तरी धुराला घाबरतात. विचारलं. त्यातली एक स्कार्फातूनच हसली. "धूर नाही हो आजोबा, ऊन! ऊन लागलं की काळं पडतं." म्हणजे आत फुफ्फुस काळं पडलं तर चालेल, गाल नको!

चौकातला हवालदार शिट्टी काढून जवळ आला. ताटली न्याहाळली. मला वाटलं आता पावती फाडतो. पण तो म्हणाला, "आबा, निकाल लागला की मलाही सांगा. नाहीतर नका सांगू. मला इथंच उभं राहायचंय, कळून तरी काय करू?" आणि शिट्टी तोंडात घालून परत गेला. तो एकटाच हसला नाही.

त्या आठवड्यात मी सकाळी गजराच्या आधी उठायचो! नाक्यावर सगळे वाट बघायचे. रिक्षावाल्यानं आपल्या दोस्तांना सांगितलं, दोस्तांनी चहावाल्याला. म्हसरूळच्या फाट्यावर ती चहाची टपरी आहे, आम्ही रोज तिच्यासमोरून जातो. तिथं दोन पार्ट्याच पडल्या. एक पार्टी म्हणायची शहराची ताटली काळी होणार. दुसरी म्हणायची, छे, मळ्यात औषधाची फवारणी असते, गंधकाची पावडर असते, वर माती, तीच ताटली खराब होणार. मी दुसऱ्या पार्टीचा पुढारी. टपरीवाला दोन्हीकडनं बोलायचा, कारण चहा दोन्ही पार्ट्या प्यायच्या.

"पण आबा," एक जण म्हणाला, "समजा काळी झाली. मग?"

"होतच नाय!"

"पण समजा."

"समजायचं कशाला? मी इंजिनं वाचलेला माणूस हाय. आताच्या गाड्या बघ, एकीच्या तरी नळीतनं धूर दिसतो का? आमच्या वेळेला ट्रक चालू केला की मागची गाडी दिसेनाशी व्हायची. आता? स्वच्छ! धूर दिसत नाय म्हंजे धूर नाय."

संध्याकाळी मळ्यातनं यायचो तेव्हा दुसरीच मजा. द्राक्षाचे घड सुटलेले, पाटाला पाणी, पलीकडं सूर्य खाली जायचा. सून मागं बसून फडकं सोडायची. खड्ड्यात गाडी आपटली की ओरडायची, "आबा, हा खड्डा काल इथं नव्हता!" मी म्हणायचो, "कालचा तिकडं गेला, हा त्याचा भाऊ." आणि ती हसायची, आणि हसताना खोकायची नाही. हे माझ्या ध्यानात आलं होतं. आलं होतं, पण मी त्याला मनात बसायला स्टूल दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी अंगणात ताटल्या उघडल्या. पोरगा ड्यूटीवरून आलेला, मंडळी पदराला हात पुसत आलेली, शेजारचे दोघं-तिघं कुंपणाशी. मी डबे उघडले आणि ओरडलोच!

मळ्याची ताटली ओळखू येत नव्हती. मातीचा जाड थर, त्यात चिलटं, गवताची काडी, आणि मधोमध एक मुंगी चिकटलेली. जणू शेतच उचलून आणलं होतं! आणि शहराची ताटली? नुसती जरा मळकट. काळपट झाक म्हणावी तर होती, पण त्यातनं स्टील चमकत होतं. माझं तोंडसुद्धा दिसलं तिच्यात.

"बघा!" मी म्हटलं. "बघा सगळे! कुठाय धूर? घाण मळ्यात हाय, शहरात नाय! आता सांग तुझ्या डागदरला!"

सून ताटल्यांकडं बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "असं कसं?" एवढंच म्हणाली. पोरगा म्हणाला, "आबा, ताटलीवरनं दवाखाना ठरत नाही." पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. कुंपणाशी उभे असलेले म्हणाले, "आबा जिंकले बुवा!"

मला दम कुठला! स्कूटर काढली, फाट्यावर गेलो, पेढे घेतले आणि टपरीवर वाटले. नाक्यापर्यंत जाऊन रिक्षास्टँडवर वाटले. रिक्षावाल्यानं दोन उचलले. "उस्ताद, म्हणजे आमचं रेशन शुद्ध निघालं म्हणा!" हवालदाराला दिला तर त्यानं पेढा खिशात ठेवला, म्हणाला, "घरी पोरीला देतो," आणि पहिल्यांदा हसला. मी म्हटलं, "बिनघोर उभा राहा." असं म्हणालो मी त्याला.

परत आलो तर अंगणात मोरीपाशी मंडळी ताटल्या घासत बसलेली. पोरगा आणि सून पायरीवर. दोघांची नजर ताटलीवर.

"काय झालं?"

"इकडं या," मंडळी म्हणाली. "बसा."

मळ्याची ताटली तिनं धुऊन पालथी घातली होती. लख्ख. "ही नुसत्या पाण्यानं निघाली. माती होती, गेली. बाकीचं तुपासंगं साबणानं गेलं." मग तिनं दुसरी पुढं केली. "आता ही बघा. साबण लावला. राख लावली. काथ्यानं घासली. लिंबू चोळलं."

ताटलीवरचं तूप गेलं होतं. चमक गेली होती. आणि काळं तिथंच होतं, पातळ, सगळीकडं सारखं, जणू स्टीललाच रंग आलाय. आधी ते तुपात मुरलं होतं म्हणून मला दिसलं नव्हतं. आणि मी तुपाच्या चमकेला भुललो होतो!

"हाताला बघा माझ्या," ती म्हणाली. नखांत काळं, बोटांच्या रेघांत काळं. "मी काजळ धरलंय, मला ठाव हाय काजळ काय असतं. हे काजळच हाय. पण हे लेकराच्या डोळ्यात घालाल का?"

"दे इकडं," मी म्हटलं. हट्ट अजून गेला नव्हता. डोक्यावरची टोपी काढली, पांढरी, धुवट, आणि ताटलीवर जोरात फिरवली. टोपीला काळा पट्टा उमटला. आणि मग मी एक केलं, जे सुचायला नको होतं. टोपी नाकाला लावली.

तो वास! सायलेन्सर उघडल्यावर येतो तो. घाटात गाडी बंद पडली की तिच्या पोटाखाली झोपून मी ज्या वासात दिवस काढले, तो. डॉक्टरला मी नाही म्हणू शकलो असतो, पोराला तर म्हणालोच होतो. माझ्या नाकाला काय म्हणू? ते माझंच!

"डिझेल," मी म्हटलं.

पोरगा हळूच म्हणाला, "दिसत नव्हतं ना, आबा."

"नव्हतं."

"मळ्यातली धूळ पण डॉक्टर वाईटच म्हणाले. फक्त ती ओल्या फडक्याला अडते म्हणे पुष्कळशी. हे अडत नाही सहज."

मी टोपी घडी घालून खिशात ठेवली. छाती ठोकायला हात वर गेला नाही. गंमत अशी की मला वाईट कमी वाटत होतं आणि चेव जास्त चढला होता. धरलं होतं मी! कुणाला न दिसणारा धूर मी ताटलीत धरला होता! फक्त तो माझ्या बाजूनं साक्ष द्यायच्याऐवजी उलटला होता, आणि आता त्याच साक्षीवर माझी माणसं घर सोडणार होती.

"मग ठरलं," पोरगा म्हणाला. "उद्या रविवार. खोलीवाल्याला हो म्हणतो."

मंडळीनं ताटली पाण्यात सोडली. आवाज झाला.

तेव्हा सून बोलली. "कुणाला विचारून ठरलं? मला खोलीची हौस नाही. तिथं खिडकी कारखान्याच्या भिंतीवर उघडते. मला फक्त श्वास घ्यायचाय." मग माझ्याकडं वळली. "आबा, मळ्याच्या रस्त्यानं रोज न्याल? जाताना पण?"

"लवकर निघावं लागंल."

"निघेन."

"खड्डे हायत."

"खड्ड्यांना मी ओळखते आता. त्यांचे भाऊ पण."

पोरगा म्हणाला, "आणि आबांनी तोंडाला ओलं फडकं बांधायचं. दोघांनी. नाहीतर खोली. महिनाभर बघू, खोकला गेला तर गेला."

हे त्यानं मुद्दाम टाकलं होतं. मी ट्रकवर कधी तोंड बांधलं नाही. तोंड बांधणाऱ्यांना डाकू म्हणत आलो, टपरीवर, नाक्यावर, घरात. आणि मळ्याच्या रस्त्याला लागायचं म्हणजे फाट्यावरच्या टपरीसमोरूनच वळायचं. जिथं मी थोड्या वेळापूर्वी पेढे वाटले होते.

"तुमचं तोंड बघा," मंडळी म्हणाली, "जसं काय कुणी सोन्याचे दात मागितलेत!"

"रविवारी सुट्टी हाय," मी म्हटलं. "सोमवारचं सोमवारी बघू."

"नाही," सून म्हणाली. "उद्या ओव्हरटाइमला बोलावलंय. उद्याच."

बघा, क्लीनर कसा असावा! वळण यायच्या आधी हाक मारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातच उठलो. माझं उपरणं घेतलं, तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं. थंडीचं ते गार ओलं फडकं नाकाला लागलं तेव्हा शिव्या आल्या, पण फडक्याच्या आतच राहिल्या. सून मागं बसली. फाट्यावर टपरी उघडलेली होती आणि दुसऱ्या पार्टीचे माझे दोन कार्यकर्ते तिथं हजर. "अरे, हा कोण डाकू?" एक ओरडला. मी गाडी थांबवली. डिकीतनं ती काळी ताटली काढली, टपरीवाल्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही इथं खिळ्याला टांग. धुऊन दाखवील त्याला चहा माझ्याकडनं." "आणि पेढे?" त्यानं विचारलं. "पेढे खाल्ले ते खाल्ले," मी म्हटलं, "हवालदाराला मात्र मी स्वतः सांगून येईन."

मग मी गाडीला किक मारली, शहराकडं न बघता पाटाच्या बाजूला हँडल वळवलं, आणि सून मागून ओरडली, "येऊ द्या आबा, येऊ द्या!"